समुद्रातल्या तेलविहिरीच्या परवानग्या: कोणता कागद आधी, कोणता नंतर

तेलविहिरीचं काम परवानगीवरून अडतं तेव्हा कागद बहुधा असतो. पण तो मागच्या विहिरीचा असतो, आधीच्या रिगच्या, म्हणजे विहीर खोदणाऱ्या तरंगत्या कारखान्याच्या, नावावर असतो, किंवा त्यावर ज्या इंजिनिअरचं नाव आहे तो नोकरी सोडून गेलेला असतो. रिगचं दिवसाचं भाडं मात्र कुणासाठी थांबत नाही, आणि मग घाईत जे मेल आणि जी पत्रं जातात त्यांतून पुढच्या चुका जन्माला येतात.

गोव्यासमोरच्या समुद्रात आज उत्पादन देणारं तेलक्षेत्र नाही. तरी वास्को-मडगावपासून काणकोणपर्यंतची मुलं मुंबई हायच्या रिगवर आणि बोटींवर कामाला आहेत, बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे, आणि ड्रिलिंगच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या इंजिनिअरकडे 'अप्रूव्हल्सचं बघ' म्हणून एक जाडजूड फाइल सरकवली जाते. हा लेख त्या फाइलसाठी आहे. भारतीय समुद्रातली एक विहीर, एक जॅक-अप रिग (समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी) असं धरून क्रम मांडतो. अर्ज भरण्याच्या दिवशी लागू असलेली अधिसूचना मात्र स्वतः उघडून वाचा, कारण या क्षेत्रातले कायदे गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहेत.

टप्पा १: यादी एक नको, तीन करा

नवखा माणूस एक लांबलचक चेकलिस्ट करतो आणि एकेक खूण करत जातो. तिथेच घोळ सुरू होतो. प्रत्येक परवानगी कशाला तरी बांधलेली असते: जागेला, रिग-जहाजाला किंवा माणसाला. म्हणून तीन याद्या करा.

जागेच्या यादीत लीज, पर्यावरण मंजुरी, विहिरीचा आराखडा आणि तेलगळतीचा आराखडा येतो. रिगच्या यादीत वर्गीकरण संस्थेची प्रमाणपत्रं, ओआयएसडीची (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची) संमती, नौदलाची सुरक्षा मंजुरी, नौवहन महासंचालनालयाचा परवाना, हेलिडेक, वायरलेस. माणसांच्या यादीत वेल कंट्रोल (विहिरीतला दाब आवरणं), सागरी बचाव प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, स्फोटकं हाताळणारा.

प्रत्येक ओळीपुढे चार रकाने ठेवा: कोणी दिली, कोणाच्या नावावर, कधी संपते, आणि ती दुसऱ्या कोणत्या कागदावर टेकलेली आहे. हा चौथा रकाना लोक रिकामा ठेवतात. रिग बदलली की कोणते कागद गळून पडतात, हे फक्त तोच रकाना सांगतो.

तपासा: संपण्याची तारीख विहीर सुरू होण्याच्या तारखेशी जुळवू नका. विहीर संपण्याची तारीख घ्या आणि त्यात लांबण्याचे दिवस धरा. भोकात हत्यार अडकलं की वेळापत्रक कोलमडतं, आणि ते अडकतंच.

टप्पा २: जागा एकदाच ठरवा, सगळीकडे तीच लिहा

समुद्रातली खनिजं राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे केंद्राकडे आहेत. म्हणजे लीजसाठी पणजीच्या खाण खात्याचा दरवाजा ठोठावण्यात अर्थ नाही. १९४८ चा ऑइलफील्ड्स कायदा २०२५ मध्ये सुधारला गेला आणि 'मायनिंग लीज' या शब्दाच्या जागी 'पेट्रोलियम लीज' आली. जुने करार जुन्याच शब्दांत आहेत, तेव्हा तुमच्या ब्लॉकच्या कागदावर जो शब्द आहे तोच अर्जात वापरा. हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएचकडे, त्या वर्षाचा कामाचा आराखडा आणि खर्च गेलेला असतो. तुमची विहीर त्यात त्याच नावाने आहे का, ते आधी पाहा.

मग अक्षांश-रेखांश. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक इथली आहे, म्हणून थोडं थांबतो.

जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आधारलेले आहेत आणि आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या किनारपट्टीवर या दोन्हींत शंभर मीटरांहून जास्त फरक पडतो. सुरक्षा क्षेत्र ५०० मीटरचं असतं आणि समुद्रतळावर शेजारून पाइपलाइन गेलेली असू शकते, तेव्हा शंभर मीटर ही किरकोळ बाब नव्हे.

दुसरी चूक याहून साधी आणि याहून मोठी. सर्वेक्षणाच्या अहवालात '१५ अंश २४.५ मिनिटं' लिहिलेलं असतं. ऑनलाइन फॉर्मला दशांश अंश हवे असतात, म्हणून कोणीतरी १५.२४५ टाइप करतो. पण १५.२४५ अंश म्हणजे १५ अंश १४.७ मिनिटं. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. विहीर कागदावर अठरा किलोमीटर सरकली. फॉर्म ते निमूट स्वीकारतो.

तिसरी गोष्ट खोलीची. ड्रिलिंगचे लोक रोटरी टेबलापासून, म्हणजे रिगवरच्या फिरत्या चकतीपासून, खोली मोजतात, भूगर्भशास्त्रज्ञ सरासरी समुद्रसपाटीपासून. रिग बदलली की रोटरी टेबलाची उंची बदलते आणि तीच विहीर कागदावर काही मीटर खोल किंवा उथळ दिसू लागते.

तपासा: एका पानावर विहिरीचं नाव, निर्देशांक, त्याचा आधार, पाण्याची खोली, विहिरीची खोली आणि ती कुठून मोजली, हे लिहून ड्रिलिंग आणि भूगर्भ अशा दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्या. पुढचा प्रत्येक अर्ज त्या पानावरूनच भरायचा.

टप्पा ३: पर्यावरण मंजुरी, आणि तिच्या शेवटच्या पानावरच्या अटी

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत तेल आणि वायूचं काम १(ब) या नोंदीत येतं. जानेवारी २०२० पासून शोधासाठीच्या विहिरी 'बी-२' वर्गात गेल्या, विकास आणि उत्पादनाच्या विहिरी 'ए' वर्गातच राहिल्या. अर्ज परिवेश पोर्टलवर. शोधाची विहीर म्हणून मंजुरी घ्यायची आणि तेल लागल्यावर तिच्यातूनच उत्पादन सुरू करायचं, हे चालत नाही. त्याला वेगळी मंजुरी लागते.

मंजुरी हातात आली की लोक पहिलं पान स्कॅन करून मोकळे होतात. अटी शेवटच्या पानांवर असतात आणि त्या ड्रिलिंगच्या दैनंदिन कामात शिरतात. खोदकामाचा चिखल (विहिरीत फिरवलं जाणारं द्रव) आणि कपच्यांबद्दल (खडकाचे बाहेर येणारे तुकडे) ऑगस्ट २००५ ची अधिसूचना आहे. डिझेल मिसळलेला चिखल चालत नाही. कपच्या समुद्रात सोडायच्या तर त्यांत तेलाचं प्रमाण किलोला १० ग्रॅमपेक्षा जास्त नको. बराइटमध्ये (चिखल जड करणाऱ्या खनिजात) पारा किलोला १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या आत हवं. रसायनांची विषारीपणाची चाचणी, ९६ तासांचा एलसी-५० (ज्या प्रमाणाला चाचणीतले निम्मे जीव मरतात ते), लिटरला ३०,००० मिलिग्रॅमच्या वर यायला हवी.

हे आकडे खरेदी विभागाला कधी सांगणार? बराइटची ऑर्डर गेल्यावर नव्हे. निविदेच्या अटींतच ते असायला हवेत आणि प्रत्येक लॉटबरोबर प्रयोगशाळेचा दाखला यायला हवा. कपच्या किनाऱ्यावर आणायच्या असतील तर शोअर बेस (किनाऱ्यावरचा तळ) ज्या राज्यात आहे तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पाण्यावर आधारित चिखलाच्या कपच्या सोडून बाकीच्या कपच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतात. मुरगाव बंदरातून काम करणार असाल तर गोवा मंडळाची फाइल आणि बंदर प्राधिकरणाची फाइल एकाच वेळी हलवा. एकमेकांची वाट पाहत दोन्ही पडून राहतात, हा नेहमीचा प्रकार आहे.

सावध: अनुपालनाचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. विहीर दोन महिन्यांत संपली तरी ही जबाबदारी संपत नाही.

टप्पा ४: रिग भारतीय पाण्यात आणणं

परदेशी झेंड्याची रिग किंवा बोट असेल तर हे दोन कागद सोबतच चालवायचे: नौदलाच्या ऑफशोअर डिफेन्स ॲडव्हायझरी ग्रुपमार्फत होणारी सुरक्षा मंजुरी आणि नौवहन महासंचालनालयाचा परवाना. सीमाशुल्काचं काम त्यापाठोपाठ. मर्चंट शिपिंगचा नवा कायदा २०२५ मध्ये संमत झाला आहे, आणि कार्यालयांत फिरणारे पत्रांचे नमुने मात्र १९५८ च्या कायद्यातली कलमं लिहिलेले आहेत. नमुना उचलताना हे पाहा.

प्रमाणपत्रांवरचं जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक अक्षराला अक्षर जुळायला हवेत. रिग विकली जाते, नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या (विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या झडपांच्या संचाच्या) दाखल्यावर जुनंच नाव राहतं. त्याबद्दल मालकाचं स्पष्टीकरणपत्र आणि अनुक्रमांकाचा फोटो आधीच जोडून ठेवला तर विचारणा येतच नाही.

टप्पा ५: ओआयएसडीची संमती

जमिनीवरच्या विहिरींचा अनुभव असलेली माणसं इथे हमखास चुकतात. जमिनीवर सुरक्षेसाठी धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय असतं. समुद्रात २००८ चे ऑफशोअर सुरक्षा नियम लागू होतात आणि सक्षम प्राधिकारी आहे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजेच ओआयएसडी. अर्ज ऑपरेटरने, म्हणजे विहीर ज्या कंपनीची आहे तिने, करायचा. रिगचा मालक कागद पुरवतो, पण उत्तरदायी तुम्ही.

अर्जाआधीची तयारी या क्रमाने करा:

१. रिगची वर्गीकरण, लोड लाइन, मोडू कोड (फिरत्या रिगसाठीचे सुरक्षा नियम), आयएसएम (जहाजाचं सुरक्षा व्यवस्थापन) ही प्रमाणपत्रं गोळा करा. त्यांतले थकलेले शेरे वाचा. प्रमाणपत्र वैध असतं आणि आत 'अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती करा' अशी ओळ दडलेली असते.

२. जागेचं मूल्यांकन. जॅक-अपचे पाय समुद्रतळात किती रुततील, हे त्या जागेच्या माती परीक्षणावरून काढलेलं हवं. दोन किलोमीटरवरच्या जुन्या विहिरीचा अहवाल जोडून भागत नाही.

३. वेल कंट्रोल. ओआयएसडी मानक १७४ समोर ठेवून विहिरीच्या आराखड्याशी ताळा घ्या. पृष्ठभागावर येऊ शकणारा सर्वाधिक दाब ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या क्षमतेच्या आत आहे का? १०,००० पीएसआयचा संच आहे म्हणून निश्चिंत राहू नका. चोक मॅनिफोल्ड (दाब हळूहळू सोडणाऱ्या झडपा), होसपाइप, वेलहेड (विहिरीच्या तोंडाचा सांगाडा) यांतला सगळ्यात कमकुवत दुवा कितीचा आहे, ते पाहा.

४. ब्रिजिंग डॉक्युमेंट. ऑपरेटरची एक सुरक्षा पद्धत, रिगमालकाची दुसरी; त्या दोन्ही जोडणारा हा कागद. कामाचा परवाना कोणाच्या नमुन्यात, काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, आणीबाणीत आदेश कोणाचा, हे यात ठरतं. माझ्या मते हाच या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, आणि हाच सर्वांत जास्त कॉपी-पेस्ट होतो. मागच्या रिगचं नाव तळटिपेत राहिलेला ब्रिजिंग डॉक्युमेंट तपासणाऱ्याने पाहिला की तो उरलेली फाइलही संशयाने वाचतो. त्यात त्याची चूक नाही.

तपासा: रिगवरच्या कोणत्याही तीन माणसांना बोलावून विचारा, 'वायूची किक आली, म्हणजे वायू विहिरीत घुसून वर यायला लागला, तर विहीर बंद करायची परवानगी कोणाची लागते?' ड्रिलरला कोणाचीही परवानगी लागू नये. तीन उत्तरं तीन तऱ्हेची आली तर अर्ज पुढे नेण्याआधी तो कागद पुन्हा लिहा.

टप्पा ६: तेलगळती आणि आणीबाणीचा आराखडा

राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेत समन्वयाचं काम तटरक्षक दलाकडे आहे. ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या स्तरावर धरली जाते, आणि तिथे साधनं आणि माणसं ऑपरेटरची हवीत. आराखड्यात लिहिलेले बूम (तेल अडवणारे तरंगते बांध) आणि स्किमर (तेल उपसणारी यंत्रं) कोणत्या गोदामात आहेत, ते बोटीवर चढायला किती तास लागतात, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय लिहू नका. तेल विरवणारं रसायन तटरक्षक दलाच्या मान्य यादीतलं हवं, आणि ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मनाने फवारायचं नसतं.

संवेदनशील जागांचा नकाशा हा यातला सर्वांत दुबळा भाग असतो. विहीर गोवा किंवा दक्षिण कोकणासमोर असेल तर नकाशावर 'वाळूचा किनारा' एवढंच लिहून भागणार नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण या नद्यांची मुखं आहेत. चोडणची खारफुटी आहे, आणि भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या दारातून) आत घेणाऱ्या खाजन जमिनी (खाडीकाठची सखल शेतं) आहेत. मानशीची दारं वेळेवर कोण बंद करणार, त्या गावच्या शेतकरी संघटनेचा संपर्क कोणता, हे आराखड्यात नसेल तर तेल शेतात शिरल्यावर तो आराखडा काय कामाचा? पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर टारबॉल (घट्ट झालेल्या तेलाचे गोळे) येतात, म्हणजे त्या दिवसांत समुद्रातलं तेल इकडे येतं हे तर कोळव्याच्या शॅकवाल्यालाही ठाऊक आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या किनाऱ्याचा दशकानुदशकांचा अभ्यास आहे. प्रवाह आणि वाऱ्याचं गणित सल्लागाराकडून घेताना त्याने कोणत्या महिन्याचा वारा धरलाय, ते विचारा. जानेवारीचा वारा धरून मे महिन्याची विहीर दाखवलेली असू शकते.

आणीबाणीच्या आराखड्यात चक्रीवादळाचं प्रकरण वेगळं ठेवा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलं आणि मुंबई हायवर कामगारांच्या निवासाची पी-३०५ बार्ज बुडाली. वाऱ्याच्या कोणत्या इशाऱ्याला कोणती कृती, ती किती तास आधी, आणि निर्णय कोणाचा, हे आकड्यांत लिहा. 'परिस्थिती पाहून निर्णय घेतला जाईल' हे वाक्य दिसलं की खोडा.

टप्पा ७: किरणोत्सर्गी स्रोत, स्फोटकं, वायरलेस

लॉगिंगच्या (विहिरीत उतरवून खडक मोजण्याच्या) हत्यारांत सीझियम-१३७ आणि अमेरिशियम-बेरिलियमचे स्रोत असतात. परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाचा, अर्ज ई-लोरा पोर्टलवर. परवाना लॉगिंग कंपनीकडे असतो म्हणून ऑपरेटर दुर्लक्ष करतो. पण स्रोत भोकात अडकला तर विहीर तुमची असते. किती प्रयत्नांनंतर सोडून द्यायचा, कळवायचं कोणाला, सिमेंटने कसा बंद करायचा, हे विहिरीच्या आराखड्यात आधीच हवं.

परफोरेशनच्या (तेल आत यावं म्हणून केसिंगच्या पाइपाला भोकं पाडण्याच्या) स्फोटकांसाठी नागपूरची पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) आणि २००८ चे स्फोटक नियम. साठवणीचा परवाना वेगळा आणि वाहतुकीचा वेगळा. डिटोनेटर आणि चार्ज एकत्र नेता येत नाहीत, म्हणून बोटीच्या फेऱ्यांचं नियोजन त्याप्रमाणे करा. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या वेळी रेडिओ बंद ठेवावे लागतात. तेव्हा त्याच तासाला हेलिकॉप्टर बोलावलेलं नको.

वायरलेस परवान्याला अर्ज लवकर टाका. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं नाही.

टप्पा ८: माणसं

वेल कंट्रोलचं आयडब्ल्यूसीएफ प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, ओपिटोचं बोसिएट (सागरी बचाव प्रशिक्षण) चार वर्षं. ड्रिलर, टूलपुशर (रिगवरचा खोदकामप्रमुख) आणि कंपनी मॅन (ऑपरेटरचा रिगवरचा प्रतिनिधी) यांची पातळी पाहा. प्रमाणपत्र वैध असलं तरी ते समुद्रतळावरच्या ब्लोआउट प्रिव्हेंटर संचाचं आहे की पृष्ठभागावरच्या, याने फरक पडतो. गोव्यात गणपतीच्या दिवसांत बदली माणूस पाठवायची वेळ येते, तेव्हा बदलीवाल्यांची यादीही आधी तपासलेली असू द्या.

टप्पा ९: रिग हलण्याआधी

नावेरिया आठची, म्हणजे आपल्या समुद्रपट्ट्यातल्या जहाजांसाठीची धोक्याची, सूचना डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाकडून निघते. टोइंगचा मार्ग, तारखा आणि ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र त्यांना वेळेत कळवा. ही सूचना जहाजांना मिळते. ट्रॉलरवाल्याला ती मिळतेच असं नाही. मार्ग गोव्याजवळून असेल तर मालीम, खारीवाडा आणि बेतूलजवळच्या कुटबण जेटीवर कोकणी आणि मराठीत पत्रक लावा, मत्स्योद्योग खात्यालाही कळवा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, आणि १ ऑगस्टला सगळे एकदम पाण्यात उतरतात.

जॅक-अप हलवायला शांत समुद्र लागतो. त्यामुळे उन्हाळ्यातली विहीर असेल तर मेच्या अखेरीपासून उलटं मोजत या. परवानगी तीन आठवडे उशिरा आली तर प्रत्यक्षात चार महिने जाऊ शकतात.

टप्पा १०: काम चालू झाल्यावरचे बदल

सगळे कागद जागेवर असतात आणि मग विहीर आपलं म्हणणं मांडते. केसिंग ठरल्यापेक्षा वर बसवावं लागतं. चिखल पाण्याचा होता, तो सिंथेटिक करावा लागतो. भोक अडतं आणि बाजूने नवं (साइडट्रॅक) काढावं लागतं. प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा: कोणत्या परवानगीत ही गोष्ट नावानिशी लिहिलेली आहे? चिखल बदलला तर पर्यावरणाच्या अटी आणि कचऱ्याचा वर्ग दोन्ही बदलतात. साइडट्रॅकने तळाची जागा बदलते. उत्पादन चाचणी नव्याने जोडली तर वायू जाळणं आलं आणि त्याबरोबर हेलिडेकवरच्या उष्णतेचा हिशेब आला.

बदलाची नोंद रिगवर होते आणि ऑफिसला दुसऱ्या दिवशी कळते. ती दिशा उलटी करा. मान्यता येईपर्यंत विहीर सुरक्षित स्थितीत, तपासलेल्या दोन अडथळ्यांआड थांबलेली असावी. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीवर शेवटच्या दिवसांत ती तात्पुरती बंद करण्याची पद्धत पुनःपुन्हा बदलली गेली, आणि ऋण दाबाच्या चाचणीचा (आतला दाब उतरवून विहीर बंद राहते का ते पाहण्याच्या) अर्थ चुकीचा लावला गेला. ११ माणसं गेली. तिथे परवानग्यांची कमतरता नव्हती.

सावध: विहिरीला धोका असेल तेव्हा ड्रिलरने आधी विहीर सुरक्षित करावी, कळवणं मागून. हा अपवादसुद्धा ब्रिजिंग डॉक्युमेंटमध्ये लिहिलेला हवा.

टप्पा ११: विहीर बंद करून निघताना

सिमेंटच्या प्लगांची खोली आणि त्यांच्या चाचण्या डीजीएचच्या अहवालात जातील. स्रोत परत गेल्याची नोंद, उरलेल्या स्फोटकांचा हिशेब, कचऱ्याची मॅनिफेस्ट पत्रकं हे सगळं रिग जागेवर असतानाच बंद करा. नंतर सही करणारी माणसं विखुरतात. समुद्रतळाचा शेवटचा सर्व्हे करून, वेलहेड मागे ठेवला असेल तर त्याची जागा आणि तळापासूनची उंची जलालेखन कार्यालयाला द्या. नावेरियाची सूचना रद्द करायलाही त्याच पत्रात सांगा. नाहीतर महिनोन् महिने जहाजं रिकाम्या पाण्याला वळसा घालत राहतात, आणि ट्रॉलरच्या जाळ्याला मात्र तो वेलहेड सापडतो.